'सॉर्ट' म्हणजे नक्की काय? गट पाडायचे की ओळीत लावायचं?

सांजवेळ
मंडळी, प्रश्न साधा आहे पण घरात दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथे टाकतेय. लेक सहावीत, सेमी इंग्लिश. सायन्सच्या वर्कशीटवर प्रश्न होता, 'सॉर्ट द फॉलोइंग'. खाली सहा शब्द: मँगो, अँट, रोझ, काऊ, क्रो, बनाना. लेकीने शांतपणे ए टू झेड लावून टाकले. अँट, बनाना, काऊ, क्रो, मँगो, रोझ. पाचापैकी शून्य! बाईंना म्हणे वनस्पती आणि प्राणी असे दोन गट हवे होते. लेकीचं म्हणणं असं की मागच्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या तासाला सरांनी सॉर्ट म्हणजे ए टू झेड असंच शिकवलं, एक्सेलमध्ये करूनही दाखवलं. नवरा म्हणतो लेक बरोबर, मी म्हणते बाई बरोबर, सासूबाई म्हणतात आधी जेवून घ्या.
तर सॉर्टला मराठीत काय म्हणायचं? आणि एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले?

पाटी_कोरी
सासूबाई बरोबर.

खारेदाणे
मराठीत वर्गीकरण. विषय संपला. धागा बंद करा.

कोडमंकी_कोथरूड
संपला कुठे? फोनची भाषा मराठी करून बघा, सॉर्टच्या जागी 'क्रमवारी लावा' दिसतं. वर्गीकरण नाही, क्रमवारी. आम्ही दिवसभर ज्याला सॉर्ट म्हणतो त्यात गटबिट काही नसतात, लहान ते मोठं किंवा उलटं, बस. मुलीला पाचापैकी पाच.

निफाडचा_कांदा
आमच्याकडे तिसरंच. कांदा काढला की पात कापायची, सुकवायचा आणि मग बायका ढिगाभोवती बसून निवडतात. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, दुभाळके म्हणजे जोडकांदे बाजूला, सडका फेकायला. याला आम्ही प्रतवारी म्हणतो. परदेशी पाठवणारा व्यापारी आला की तो याच कामाला 'सॉर्टिंग केलंय का' विचारतो. आता हे गट पण आहेत आणि गोल्टीपासून मोठ्यापर्यंत चढता क्रम पण आहे. मग सांगा हे वर्गीकरण की क्रमवारी? आणि दुभाळका कांदा चढत्या क्रमात कुठे बसवायचा तेही सांगा, तो मोठाच असतो पण भाव कमी.

देवगडकर_नव्हे_रत्नागिरीकर
आंब्याचं पण असंच हो. चार डझनी पेटी, पाच डझनी, सहा डझनी. फळ जितकं मोठं तितकी पेटीतली संख्या कमी. मुंबईचे पाहुणे दरवर्षी 'सहा डझनीच द्या, जास्त आंबे येतात' म्हणतात. आम्ही देतो.

खारेदाणे
म्हणजे मराठीत वर्गवारी, क्रमवारी, प्रतवारी अशा तीन वाऱ्या आहेत आणि इंग्रजीत एकच सॉर्ट. मी माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

पाटी_कोरी
चौथी राहिली, पंढरीची.

माळकरी_मंगळवेढा
हसण्यावारी नेऊ नका, पंढरीच्या वारीत पण दोन्ही आहे. रथापुढच्या दिंड्या आणि रथामागच्या दिंड्या हे झाले गट. मग प्रत्येक दिंडीला आपापला नंबर, आणि नंबर सोडून कोणी पुढे घुसत नाही. हा झाला क्रम. लाखो माणसं चालतात ती याच्यावर चालतात.

लीड्सची_लता
मी इंग्लंडात आहे. इथे पोस्टाच्या ज्या इमारतीतून पत्रं वाटायला निघतात तिला सॉर्टिंग ऑफिस म्हणतात. तिथे पत्रं ए टू झेड लावत नाहीत, भागाप्रमाणे वेगळी करतात. साध्या बोलण्यात इथे सॉर्टचा पहिला अर्थ गट पाडणे हाच. 'सॉर्ट युअर लाँड्री' म्हटलं की पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. शर्टांची उंचीप्रमाणे रांग कोणी लावत नाही. नाम म्हणून वापरलं तरी 'व्हॉट सॉर्ट ऑफ पर्सन', म्हणजे प्रकार.
बाकी 'आय विल सॉर्ट इट आऊट' म्हणजे मी निस्तरतो, आणि 'आय विल सॉर्ट यू आऊट' म्हणजे तुला बघून घेतो. पहिल्या वर्षी मला या दोन्हीतला फरक कळायचा नाही, शेजारी मदत करतोय की दम देतोय हेच कळेना.

बँकवाला_बाळू
आणि आपल्याकडची पोरं, 'चिल आई, सगळं सॉर्टेड आहे'. पुतण्यासाठी स्थळं बघतोय, एका मुलीच्या माहितीत लिहिलंय 'वेल सॉर्टेड फॅमिली हवी'. वहिनी विचारतात म्हणजे नक्की काय करून ठेवायचं घरात?

निफाडचा_कांदा
गोल्टी बाजूला काढायची.

बँकवाला_बाळू
😂😂 पुतण्याची उंची बघता हा टोमणा जिव्हारी लागला.
बाकी खारेदाण्यांनी वर्गीकरण म्हटलं म्हणून एक शंका. आमच्या बँकेत 'रक्कम वर्ग केली' म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात टाकली. शाळेत वर्ग म्हणजे खोली. गणितात पाचाचा वर्ग पंचवीस. आणि गट म्हणजे पण वर्ग. इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपल्या वर्गात काय चाललंय ते बघा.

शुद्धलेखनाची_वही
बाळूशेठ, पाचवा वर्ग विसरलात आणि तोच सगळ्यात भारी आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. पहिलीत घोकलेली वर्णमाला जरा मोठ्याने म्हणून बघा. क ख ग घ घशातून, च छ ज झ टाळूला, ट ठ ड ढ मूर्धेला, त थ द ध दातांना, प फ ब भ ओठांना. म्हणजे उच्चार तोंडात कुठे होतो त्यावरून गट पाडलेत आणि ते गट घशाकडून ओठांकडे अशा ओळीत लावलेत. गटाच्या आत परत तीच शिस्त, आधी क मग त्याचा महाप्राण ख, मग ग, मग घ, शेवटी अनुनासिक. वर्गवारी आणि क्रमवारी एकाच फळ्यावर! इंग्रजीत बी नंतर सी का येतो याला असं काही कारण सांगता येत नाही, चालत आलंय म्हणून येतो.
सांजवेळ, तुमच्या लेकीला हे नक्की सांगा.

कोडमंकी_कोथरूड
वर्णमाला भारी आहे पण कॉम्प्युटरला कळत नाही ना भाऊ. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, ळ ला ल च्या लगेच शेजारी बसवलंय, व च्या आधी. आपल्या मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे साध्या पद्धतीने यादी लावली की 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर, आणि मराठी शब्दकोश उघडला की उलटं. त्याहून धमाल ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये नंतर घातलं, त्याचा नंबर ह च्याही पुढे. एका वकिलांच्या कार्यक्रमाची निमंत्रितांची यादी मी करून दिली होती, नुसतं सॉर्ट मारलं आणि पाठवून दिली. सगळ्या नावांआधी 'ॲड.'. सगळे वकील तळाशी, त्यांच्या वर केटरर, मांडववाला आणि सूत्रसंचालक. पैसे मिळायला चार महिने लागले.
(हो, भाषेप्रमाणे लावायची सोय असते, तेव्हा मला माहीत नव्हतं.)

डोंबिवलीची_मावशी
एक्सेलच्या सॉर्टचं नाव काढू नका. आमच्या सोसायटीत एका उत्साही सेक्रेटरीने मेंटेनन्सच्या यादीतला नावांचा कॉलम तेवढा निवडला आणि सॉर्ट केलं. बाजूचे फ्लॅट नंबर आणि थकबाकी जागच्या जागी. नावं मात्र ए टू झेड. झालं, आमच्या आगाशेकाकांच्या नावावर, ज्यांनी आयुष्यात एक दिवस बिल थकवलं नाही, चौदा हजाराची थकबाकी. नोटीस बोर्डवर लावली वर. काका त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.
आणि फ्लॅट नंबर पण १, १०, ११, १२, २ असे लागतात ते का?

कोडमंकी_कोथरूड
मावशी, तो कॉलम मजकूर म्हणून भरलेला असणार. मग मशीन आकडा वाचत नाही, अक्षरं वाचतं, डावीकडून एकेक. 'दहा' मधला पहिला १ हा २ च्या आधी, विषय कट.

जुना_जुळारी
उशिरा आलो. आमच्या छापखान्यात सॉर्ट म्हणजे वस्तू होती. अक्षराचा शिशाचा एकेक खिळा म्हणजे एक सॉर्ट, इंग्रजी कॅटलॉगात तोच शब्द. समोर खणांची केस, प्रत्येक अक्षराचा, काना-मात्रेचा, अर्ध्या अक्षराचा खण वेगळा. इंग्रजीच्या केसवर पोरगं महिन्यात बसायचं, देवनागरीचे खण शेकड्यांनी, त्यावर हात बसायला वर्ष जायचं. छापून झालं की मजकूर मोडून खिळा न् खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. खरं सॉर्टिंग ते. कोणी झोपेत ध च्या खणात घ टाकला की पुढच्या लग्नपत्रिकेत 'वघू' छापून यायची. एकदा आली पण. 'औट ऑफ सॉर्ट्स' म्हणजे तब्येत बिघडणे, ते यातूनच आलं, खिळे संपले की जुळाऱ्याचं डोकं बिघडायचं.

लीड्सची_लता
काका, वघू 😂
पण औट ऑफ सॉर्ट्सचा तो किस्सा गोड असला तरी पुरावा कच्चा आहे हं. तब्येतीच्या अर्थाने तो वाक्प्रचार खूप जुना आहे, छापखान्याची जोड नंतर लावलेली दिसते. मूळ शब्द लॅटिन 'सॉर्स', म्हणजे चिठ्ठी टाकून निघालेला वाटा, नशीब. त्यावरून फ्रेंचमध्ये प्रकार, जात असा अर्थ आला आणि तिथून इंग्रजीत. सॉर्सरर म्हणजे चेटक्या, तो पण याच घरातला, चिठ्ठ्या टाकून भविष्य सांगणारा.

जुना_जुळारी
पुरावा कच्चा असेल, माझं डोकं बिघडायचं तो पक्का आहे.

पाटी_कोरी
म्हणजे सॉर्ट म्हणजे मुळात सोडत. म्हाडावाले तेवढे शब्दाला जागले.

खारेदाणे
ओला कचरा सुका कचरा कोणीच काढला नाही अजून? २०१६ च्या नियमांत तर तीन भाग होते, ओला, सुका आणि घरगुती घातक. आमच्या गाडीवाल्याकडे एकच डबा आहे, त्यामुळे घातक तोच.

रात्रपाळी_आरएमएस
नमस्कार. मी रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त. लताताईंनी पोस्टाचा विषय काढला म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र असतो.
आमचं काम धावत्या गाडीत, रात्रभर उभं राहून. समोर भिंतभर लाकडी खण, हातात पत्रांची चळत, अंगठ्याने वरचं पत्र सरकवायचं, पत्ता वाचायचा आणि भिरकावायचं. गाडी हलते, आपण हलतो, पत्र खणातच गेलं पाहिजे. कुठलं गाव कुठल्या पोस्टाखाली हे पाठ लागायचं. वडगाव लिहिलं की डोकं धरायचं, कारण वडगावं किती! त्यात तालुका नाही, जिल्हा नाही, 'वडगाव, मु.पो. वडगाव'. आणि पत्ता कुठल्याही लिपीत. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. आम्हाला त्यांचा अभिमान.
आता गंमत बघा. ४११०३० घ्या, पुण्याची सदाशिव पेठ. पहिला ४ बघितला की पत्र आपल्या पश्चिमेकडच्या विभागात आलं, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हटलं की पुणे. शेवटचे ०३० म्हणजे वाटप करणारं पोस्ट. प्रत्येक आकड्याला एक गट पडतो, गटात पोटगट. आम्ही कधी क्रम लावला नाही. ४११०३० हे ४११०३८ च्या आधी की नंतर याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, पोतं वेगळं एवढंच. त्यामुळे माझं मत बाईंच्या बाजूने. सॉर्ट म्हणजे खण.

शुद्धलेखनाची_वही
व्वा काका. असं लिहीत जा हो.

कोडमंकी_कोथरूड
काकांना दंडवत, पण मग आमच्या धंद्यात सॉर्ट म्हणजे क्रम कसा झाला? काहीतरी कारण असणार ना. सांजवेळचा मूळ प्रश्न तोच होता, आपण सगळे कांद्यात गेलो.

सुईदोरा_माहीम
मी सांगते. मी सत्तरच्या दशकात मुंबईत एका ऑफिसात आकडेवारीच्या खात्यात होते, पंचकार्डाच्या मशीनवर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते कार्ड पाहिलंही नसेल. जाड कागदाचं, लांबट, त्यात ८० उभे कॉलम, प्रत्येकात आकड्याच्या जागी भोक.
कार्डाची ही कल्पना अमेरिकेतल्या हॉलेरिथची. १८९० च्या तिथल्या जनगणनेत त्याची यंत्रं वापरली. त्यात खणांची एक पेटी होती, कार्ड वाचलं की बरोबर त्याच खणाचं झाकण आपोआप उघडायचं आणि बाई हाताने कार्ड आत टाकायची. तिला सॉर्टिंग बॉक्स म्हणायचे आणि तो अर्थ रात्रपाळीकाकांचाच, खण! आमच्या वेळेपर्यंत मशीन स्वतःच कार्डं फेकायचं, ० ते ९ असे कप्पे, कानठळ्या बसायच्या.
पण मशीन एका वेळी एकच कॉलम बघायचं. मग कार्डं नंबराने लावायची कशी? इथे युक्ती आहे. चार कार्डं धरा: ३२, १७, १२, ३७. आधी मागचा, एकमचा आकडा. दोनच्या कप्प्यात पडली ३२, १२. सातच्या कप्प्यात १७, ३७. कप्पे क्रमाने उचलून एकावर एक ठेवले: ३२, १२, १७, ३७. आता दहमचा आकडा. एकच्या कप्प्यात १२, १७. तीनच्या कप्प्यात ३२, ३७. उचला. १२, १७, ३२, ३७. लागली की नाही ओळीत? आपण फक्त गट पाडले, दोनदा. कोणतं मोठं कोणतं लहान ही तुलना एकदाही केली नाही. म्हणून मशीनचं नाव सॉर्टर ते सॉर्टरच राहिलं, पण त्यातून निघायचा तो क्रम, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा त्या मंडळींनी शब्द तसाच उचलला. आम्ही तरी ते असंच बघितलं.
पोस्ट पुढच्या आकड्याने सुरू करतं कारण पोती वेगवेगळ्या गावाला जायची असतात, परत एकत्र यायची नसतात. आमची कार्डं एकाच टेबलावर राहायची, म्हणून मागून सुरुवात.
गट बरोबर पडला का ते बघायला आम्ही गठ्ठ्यातून विणायची सुई आरपार घालायचो. सगळ्यांची भोकं एकाखाली एक असली तर सुई सरळ बाहेर. अडली की एक कार्ड चुकीचं. आणि गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ मारून ठेवायची, म्हणजे हातातून पडला तरी रेघ जुळवून परत लावता येतो. माझ्या हातून एकदा पडला तेव्हा रेघ मारायची राहिली होती. रात्री नऊ वाजता घरी गेले.

रात्रपाळी_आरएमएस
मागून सुरुवात! पस्तीस वर्षं खण भरले, हे कधी सुचलं नाही.

कोडमंकी_कोथरूड
ताई, याला आम्ही रॅडिक्स सॉर्ट म्हणतो, परीक्षेसाठी पाठ केला होता. आज कळला. सुई वगैरे कोणी सांगितलंच नव्हतं.

देवगडकर_नव्हे_रत्नागिरीकर
आमच्याकडे पत्ते लावतात ते काय मग? हातात तेरा पानं आली की आधी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर वेगळे करायचे, मग प्रत्येकात एक्क्यापासून लावायचे. दोन्ही झालं ना? आणि त्याला मराठीत नुसतं 'लावणे' म्हणतात. पानं लाव. पुस्तकं लाव. पेटी लाव. माझ्या मते सॉर्टला हाच शब्द.

डोंबिवलीची_मावशी
लावणे पटलं. तांदूळ मात्र निवडायचेच. ते लावले तर भात होतो.

सांजवेळ
बापरे, दोन दिवसांत केवढं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अपडेट देते. लेकीने बाईंना विचारलं, बाई म्हणाल्या प्रश्नातच 'इन्टू टू ग्रुप्स' छापायचं राहिलं होतं, तो शब्द असता तर गोंधळ झाला नसता. पाचापैकी अडीच दिले. लेकीला ते अडीच शून्यापेक्षा जास्त झोंबलेत.
सुईदोराताईंचं वाचून दाखवलं तर तिने लगेच घरातला पत्त्यांचा कॅट काढला आणि हॉलभर मांडला. आधी आकड्याचे तेरा ढीग, ते एकावर एक गोळा केले, मग चार रंगांचे चार ढीग. खरंच सगळी पानं आपोआप ओळीत लागली, नवरा तीनदा म्हणाला परत करून दाखव.
पण इस्पिकमध्ये दुर्रीनंतर थेट चौकी. तिर्री नाहीच. म्हणजे मे महिनाभर आम्ही ५१ पानांनी रमी खेळलो. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, 'म्हणजे मी ज्या पानाची वाट बघत होते ते...'

पाटी_कोरी
सासूबाईंचे पैसे परत करा.